गच्चीवरची पाटी

जेवणाचा डबा धुऊन जागेवर येऊन बसलो आणि पाहिलं, तर बाबांची गल्ली वीतभर खचली होती. खचली होती ती पडद्यावर. टेकडीवरची ती वस्ती जुनी, उतार निसरडा, घरं एकमेकांना रेलून उभी. त्यातलं कुठलं घर गुपचूप खाली सरकतंय हे पालिकेला दरवर्षी हवं असतं आणि ते शोधून देणं हे आमच्या ऑफिसचं काम. ड्रोन वरून शेकडो फोटो काढतो, प्रत्येक फोटो शेजारच्या फोटोवर निम्म्याहून जास्त चढलेला. मग संगणक त्या फोटोंमधली तीच ती खूण हुडकत बसतो, भिंतीचा तोच कोपरा, पायरीचा तोच उडालेला टवका, आणि सगळ्याचा मेळ घालून एक टेकडी उभी करतो, जिच्याभोवती आपल्याला माशीसारखं फिरता येतं. गेल्या वर्षीची टेकडी आणि या वर्षीची टेकडी एकमेकींवर ठेवायची; जमीन खाली गेली असेल तिथे निळा रंग येतो, काहीच झालं नसेल तिथे मळका पांढरा. मी जेवायला गेलो तेव्हा संगणकाचं गणित चालू होतं. परत आलो तर सगळी टेकडी पांढरी, आणि वरच्या टोकाला, जिथे रस्ता संपून पायऱ्या सुरू होतात, तिथे शाई सांडल्यासारखा निळा डाग. त्या डागाच्या ऐन मधोमध आमची गच्ची होती.

वीतभर निळा म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायला नको. दारावर नोटीस, थोड्या दिवसांत घर रिकामं, आणि मग बाबा आमच्या फ्लॅटच्या मधल्या खोलीत, बायकोच्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी. हे सगळं मला त्या खोलीतल्या उजेडासकट दिसलं. आणि खरं सांगायचं तर आधी जरा हायसंच वाटलं. आमच्याकडे राहायला या म्हणून मी दर रविवारी फोनवर सांगायचो आणि दर रविवारी बाबा विषय बदलायचे. आता टेकडीच माझ्या बाजूने बोलणार होती. मग मात्र त्या घराबाहेर बाबा कसे दिसतील हे डोळ्यांसमोर आणायला गेलो, तर येईचना. आई गेल्यावर सुद्धा ते तिथून हलले नव्हते. खाली त्यांचा फोटो स्टुडिओ, वर दोन खोल्या, त्यावर गच्ची, एवढंच त्यांचं जग, आणि त्या जगाच्या बाहेर ते जायचे ते फक्त लोकांच्या लग्नात, कॅमेरा घेऊन.

मी माऊस धरला आणि गल्लीत उतरलो. हे उतरणं मला अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. तिथे कायम दुपार असते. वारा नाही, आवाज नाही, झाडं मेणाची केल्यासारखी गच्च आणि पानंच नसलेली, विजेच्या तारा गायब, दोरीवरचे कपडे अर्धेच. भिंतीतून आरपार जाता येतं आणि जमिनीखाली डोकावलं तर सगळं पोकळ. रस्ते, घरं, जिने, सगळ्यांची नुसती साल. आणि माणसं नाहीत. माणसं येत नाहीत, कारण माणसं हलतात. चालणारा माणूस प्रत्येक फोटोत निराळ्या जागी असतो, त्याच्या बाजूने दुसरा फोटो साक्ष देत नाही, म्हणून संगणक त्याला सोडून देतो. जो जरा रेंगाळला, दुकानापाशी गप्पा मारत उभा राहिला, तो थोडाफार येतो, पायांशिवाय किंवा नुसता खांद्यापर्यंत. अशांना आम्ही भुतं म्हणतो. पालिकेला मॉडेल देण्याआधी भुतं काढून टाकावी लागतात, आणि ते काम माझ्याकडे असल्यामुळे ऑफिसात मला मांत्रिक म्हणतात. बायको म्हणते, हल्ली तू घरात सुद्धा आमच्याकडे असं बघतोस, की आम्ही फोटोत येऊ की नाही. तिचं अगदीच खोटं नाही. बसमधून उतरून घराकडे चालताना मला पुष्कळदा वाटतं की आज मी कुठल्याच फोटोत आलेलो नाही. ही भावना वाईट नसते. जरा गार असते, चादर बदललेल्या बिछान्यासारखी, आणि मी तिच्यात पडून राहतो.

म्हणून मी निळ्या गल्लीत तसाच तरंगत राहिलो असतो. पण डागाची कड फार गुळगुळीत होती. जमीन खचते तेव्हा अशी खचत नाही. ती कुठेतरी फाटते, कुठेतरी अडते. ही गल्ली चादरीचं टोक चिमटीत धरून खाली ओढावं तशी ओढली गेली होती, आणि चिमूट होती गच्चीवर. तेव्हा लक्षात आलं की आमच्या गच्चीवर पाटी आहे.

पाटी म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकटींचा हातभर फळा. ड्रोन उडवण्याआधी असे फळे वस्तीभर ठेवतात आणि प्रत्येकाची जागा आणि उंची यंत्राने मोजून घेतात. फोटोंपासून झालेली टेकडी हवेत लोंबकळत असते. या पाट्यांच्या आधाराने तिला जमिनीवर टाचून बसवायचं. वरच्या टोकाला पाटी ठेवायला सपाट जागाच नव्हती, तेव्हा मीच पायलटबाईंना म्हटलं होतं, आमच्या गच्चीवर ठेवा, बाबा घरीच असतात, कोणाला हात लावू देणार नाहीत. ड्रोन उडवणाऱ्या म्हणून सगळे त्यांना पायलटबाई म्हणतात, आणि त्या वारा सोडून कोणाचं ऐकत नाहीत, पण हे ऐकलं. बाबांनाही मी फोन केला होता. उडणारा कॅमेरा येणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं होतं, ऊन कुठल्या बाजूने असेल. मला हसू आलं होतं. साठ-सत्तर मीटर वरून जाणाऱ्या यंत्राला उन्हाची बाजू काय करायची.

गच्ची ज्या ज्या फोटोत होती ते मूळ फोटो मी उघडले. पायलटबाईंनी सकाळी पाटी ठेवली होती पाण्याच्या टाकीच्या पुढ्यात, गच्चीच्या जमिनीवर. मोजणी तिथलीच होती. फोटोत पाटी टाकीच्या कट्ट्यावर होती, गुडघाभर उंच, भर उन्हात. संगणकाला सांगितलेली उंची जमिनीची, आणि पाटी बसलेली कट्ट्यावर. म्हणून त्याने कट्टा ओढून जमिनीला आणायचा प्रयत्न केला आणि सोबत गल्ली ओढली. गल्ली जागच्या जागी होती. पाटीशेजारी बाबा उभे होते. वरून दिसणारं पांढरं डोकं, त्याखाली पांढरा सदरा, दोन्ही हात शरीरालगत सरळ. पुढच्या फोटोत बाबा तिथेच. त्याच्या पुढच्याही. ड्रोन एका दिशेने येऊन गेला, वळून परत आला, तिरका होऊन बाजूने गेला, आणि प्रत्येक वेळी बाबा पाटीशेजारी तसेच, जणू शाळेच्या वर्गाचा फोटो निघतोय.

एकटाच असून मी मोठ्याने हसलो. काय झालं असेल ते उघड होतं. सकाळी ऊन होतं तिथे दुपारच्या आत टाकीची सावली आली असणार. सावलीतली पाटी बाबांना बघवली नसणार. जन्मभर त्यांनी हेच केलं, लोकांना उचलून उजेडात बसवलं. स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि तळ्याकाठी कठडा, पुढे गोल स्टूल, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी दिवे लावून बघायला स्टुलावर मी. बस म्हटलं की बसायचं. मी शाळेत जायच्या आधीपासून त्या स्टुलावर बसत होतो आणि न हलता बसण्यात माझ्याइतका तरबेज मुलगा टेकडीवर दुसरा नसेल. बाबा कॅमेऱ्यामागून यायचे, दोन बोटं माझ्या हनुवटीखाली घालायचे आणि चेहरा एवढासा वळवून परत जायचे. बोटांना कसल्याशा औषधाचा आंबट वास. लहानपणी त्यांनी मला उचलून घेतल्याचं, कुरवाळल्याचं मला आठवत नाही. ती त्यांची पद्धत नव्हती. पण ती दोन बोटं मला अजून हनुवटीखाली जाणवतात, दाढी करताना तर हमखास. मग ते म्हणायचे, आता हलू नकोस, आणि त्या क्षणी मला वाटायचं की जगात सगळं जिथल्या तिथे आहे. तीच बोटं रात्रभर मुंगीच्या पावलांनी निगेटिव्हवर चालायची असं आई म्हणायची, कारण ते बारीक ब्रशने लोकांचे देवीचे व्रण पुसत बसायचे आणि टेबल सुद्धा हलू द्यायचे नाहीत.

चूक सापडली होती. साहेबांना सांगायचं, वरची पाटी हललेली आहे, आणि संपलं. पण बाबा इतके निश्चल उभे राहिलेत तर ते मॉडेलमध्ये आले असणार, आणि भूत न होता पूर्ण आलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता. म्हणून परत गच्चीवर गेलो, टाकीला वळसा घातला आणि बाबांच्या समोर, त्यांच्या उंचीला आलो. ते आले होते. खांदे आले होते, उजवा खांदा जरा उतरलेला, कॅमेऱ्याची पिशवी वाहून वाहून. सदऱ्याच्या कडा आल्या होत्या, चपला आल्या होत्या, चेहरा लाटलेल्या कणकेसारखा पण त्यांचाच. आणि बाह्या संपत होत्या तिथे ते संपत होते. मनगटापुढे काही नव्हतं. दोन्हीकडे.

मी फिरून मागच्या बाजूने पाहिलं. जवळ जाऊन पाहिलं. मग मूळ फोटो परत उघडले, हात दिसेपर्यंत मोठे केले, शेजारी शेजारी लावले. हात होते. प्रत्येक फोटोत होते. एका फोटोत अंगठा मांडीला टेकलेला, पुढच्यात सुटलेला. एका फोटोत बोटं मिटलेली, लगेच पुढच्यात उघडी, त्याच्या पुढच्यात पुन्हा निराळी. सदऱ्याची एक सुरकुती हलली नव्हती. सगळा माणूस पाय रोवून उभा होता आणि त्याच्या हातांचा एक फोटो दुसऱ्याशी जुळत नव्हता. संगणकाने आपलं काम चोख केलं होतं. जे हलतं ते त्याने काढून टाकलं होतं.

खुर्ची मागे सरकवल्याचं मला आठवतं आणि पाणी प्यायलो नाही हेही आठवतं, कारण पेला उचलताना मी माझ्याच हाताकडे बघत राहिलो. मग एकेक गोष्ट आपल्या पायांनी चालत आली. वर्षाहून जास्त काळ बाबांचा आवाज फोनवर विहिरीतून आल्यासारखा येतो. फोन टेबलावर ठेवून बोलतो, ते म्हणाले होते, हात मोकळे राहतात. मी म्हटलं होतं, चांगलंय. मागच्या थंडीत गेलो तेव्हा ते घरातही कोट घालून होते आणि दोन्ही हात खिशात. चहा तू कर, तुझ्या हातचा बरा होतो, असं म्हणाले, आणि मी मूर्खासारखा खूश झालो. माझ्या चहाला आजवर कोणी बरं म्हटलेलं नाही. त्यांनी स्वतः तो चहा गार करून, मी आत गेलो असताना, एका दमात पिऊन टाकला होता. दाढी वाढवली होती. मला वाटलं, शोभते. गेली कित्येक वर्षं मी त्यांची गच्ची वरून बघत आलो होतो, दर उड्डाणाला, टाकीवरचं शेवाळ कुठे वाढलं ते सुद्धा मला माहीत होतं, आणि माझ्या घरापासून त्या गच्चीपर्यंत एक बस जाते.

पायलटबाई बॅटऱ्या चार्जिंगला लावत होत्या. मी त्यांना पाटीचं सांगितलं. त्या आधी चिडल्या आणि मग उन्हाचं कारण ऐकून निवळल्या. तुझे बाबा मला आवडले, म्हणाल्या, मला सकाळी चहा दिला त्यांनी, अर्धा कप, पण काय निगुतीने दिला. मग प्लग खोचता खोचता सहज बोलावं तसं बोलल्या.

"हात फार थरथरतात रे त्यांचे. औषध चालू असेल ना?"

"हो," मी म्हटलं. "चालू आहे."

खोटं बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते तोंडात तयारच होतं. परक्या बाईला अर्ध्या कपात जे कळलं ते आपल्याला कळलं नाही, हे उघडपणे सांगायला जी ताकद लागते ती त्या दुपारी माझ्यात नव्हती. साहेबांनी निळा डाग पाहिला तेव्हा त्यांचा आधी चेहरा उतरला आणि मग कारण कळल्यावर ते हुश्श झाले. ती पाटी गणितातून काढून टाका म्हणाले. ती काढली तर वरचं टोक लोंबकळतं, हे मी त्यांना दाखवलं. मग पुन्हा ड्रोन उडवायचं ठरलं, तेवढ्याच भागावर, आणि या वेळी पाटीजवळ आपला माणूस उभा करा, ते म्हणाले. मी म्हटलं, मी जातो.

दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढताना सगळं ओळखीचं होतं आणि सगळं जास्त होतं. तारा होत्या, पानं होती, माणसं पायांसकट होती, कोणीतरी खिडकीतून चटई झटकत होतं आणि धूळ उडत होती. ही धूळ आमच्या पडद्यावर कधीच येत नाही. स्टुडिओचं शटर खाली होतं. ते दीड-दोन वर्षांपासून खालीच आहे. मोबाइल आल्यावर कोण येतं फोटो काढायला, असं बाबा म्हणाले होते, आणि मला ते पटलं होतं, कारण ते कोणालाही पटेल. दार बाबांनी उघडलं. उकडत होतं तरी अंगात कोट. त्यांनी कडी कोपराने सरकवली हे मी पाहिलं. कोपराने कडी सरकवायची त्यांना इतकी सवय झाली होती की त्यात गंमत असल्यासारखी दिसत होती.

गच्चीवर मी पाटी टाकीच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली, पायलटबाईंनी यंत्र आणून पुन्हा उंची मोजली आणि त्या ड्रोन सोडायला खालच्या वळणावर गेल्या. बाबा बघत होते. सावली येईल तिथे, म्हणाले, अर्ध्या तासात. मी म्हटलं, येऊ द्या, त्याला चालतं, पण हललेलं चालत नाही. मग मी त्यांना सांगितलं की त्यांनी पाटी उचलल्यामुळे काय झालं. ते ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलायला लागले. बाबांचं हसणं असंच, आवाज नसलेलं.

"म्हणजे मी अख्खी गल्ली पाडली?"

"वीतभर."

"तरीच परवापासून पायऱ्या जास्त वाटतायत," ते म्हणाले, आणि पुन्हा हसले. हसताना त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात भिंतीआडच्या उंदरासारखा धडपडत होता. मी खिशाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि हसणं थांबलं. खाली कुठेतरी पंख्यांचा आवाज सुरू झाला, ड्रोन अजून दिसत नव्हता.

"कॅमेऱ्याला दिसले का रे हात? तेवढ्या वरून?"

"नाही दिसले," मी म्हटलं. "म्हणून तर कळलं."

त्यांना ते समजावून सांगावं लागलं नाही. जुन्या कॅमेऱ्यांमध्ये मूल हललं तर आईच्या मांडीवर नुसता धूर यायचा, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. ते कठड्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले की स्टुडिओ मोबाइलने बंद पडला नाही. एका नवऱ्या मुलीचे फोटो हलले होते. सगळेच्या सगळे. दुसऱ्या वेळी पासपोर्टचे. गिऱ्हाईक काही बोललं नाही, म्हणालं, काका, मशीन बिघडलं असेल. मग त्यांनी शटर ओढलं. मोबाइलवर खापर फोडणं सोपं होतं, सगळे माना डोलवायचे. हे ते अगदी सपाट आवाजात सांगत होते आणि मला त्या मुलीचा राग येत होता, जिची काही चूक नव्हती, आणि त्या पासपोर्टवाल्याचा, जो सभ्यपणे बोलला, आणि सगळ्यात जास्त माझा, कारण मीही मान डोलावली होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू घेऊन गेला असतास. मधल्या खोलीत ठेवलं असतंस. वाईट नाही रे खोली. पण तिथे मला कोणी ओळखत नाही. इथे हात असे झाले तरी मी फोटोवाला आहे."

मला पुष्कळ बोलायचं होतं. डॉक्टर, तपासण्या, औषधांनी आता फरक पडतो, बायकोने मनापासून या म्हटलंय, असं सगळं जिभेवर रांगेत उभं होतं. पण ड्रोन छपरांच्या वर आला, उन्हात एक काळा ठिपका, आणि बाबा सवयीने पाटीशेजारी जाऊन ताठ उभे राहिले. वर यंत्र एका रेषेत येत होतं. त्यांनी हात खिशातून काढले, कदाचित कोटाच्या खिशात हात घालून फोटोला उभं राहायचं नसतं म्हणून, आणि शरीरालगत सरळ सोडले. ते हात मी पहिल्यांदाच उन्हात पाहिले. ते थरथरत होते हा शब्द अपुरा आहे. ते काहीतरी करत होते, मोजत होते, पुसत होते, जुनं काम आठवत होते. मी पुढे झालो. बाबांचा हात मी मोठेपणी कधी धरला नव्हता; धरायचा कसा हेही मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांच्या समोर उभा राहिलो आणि दोन्ही हात माझ्या दोन्ही हातांत घेतले. उकळत्या पातेल्यावरचं झाकण धरावं तशी ती धडधड आधी माझ्या तळव्यांना लागली, मग मनगटांत आली, कोपरांपर्यंत चढली. मी जोर केला नाही. नुसता धरून राहिलो. त्यांनी हात काढून घेतले नाहीत. त्यांच्या बोटांना आता कसलाच वास नव्हता.

ड्रोन डोक्यावरून गेला, वळला, परत आला. मी वर बघायला गेलो तेव्हा बाबा हलक्या आवाजात म्हणाले,

"हनुवटी खाली. हलू नकोस आता."

मी हललो नाही. टाकीची सावली पाटीवर आली, तिथून आमच्या पायांवर आली. माझ्या तळव्यांत ते हात हळूहळू मंद होत गेले. थांबले असं मी म्हणणार नाही, पण दोन खोल्यांपलीकडे कोणी शिवणाचं मशीन चालवावं तितके दूर गेले. मला लहानपणी वाटायचं तसं वाटलं, की सगळं जिथल्या तिथे आहे, आणि रडू आलं, आणि मान खाली असल्यामुळे थेंब पाटीच्या कडेवर पडले. पंख्यांचा आवाज गेल्यावर सुद्धा आम्ही दोघे थोडा वेळ तसेच उभे होतो. मग बाबा म्हणाले, डॉक्टरकडे येईन, तू म्हणशील त्या. राहायला येणार नाही. मी बरं म्हटलं. त्या दिवशी चहा त्यांनीच केला, कप अर्धे भरले, आणि बशीत जो सांडला तो दोघांनीही बशीतूनच प्यायला.

नव्या फोटोंची टेकडी तयार व्हायला वेळ लागला. सगळी मळकट पांढरी, वरच्या टोकापर्यंत, पायऱ्यांपर्यंत, आमच्या गच्चीपर्यंत. साहेब खांद्यावरून वाकून बघून गेले आणि म्हणाले, छान, भुतं उतरवा आणि पाठवून द्या. मी खालून सुरुवात केली. दुकानापुढची अर्धी माणसं, एक बिनचाकाची सायकल, भिंतीजवळचं खांद्यापर्यंतचं कोणीतरी, एकेकाभोवती रेघ ओढून पुसत गल्ली चढत गेलो. पुसलेल्या जागी संगणक शेजारचा रस्ता पसरून देतो आणि कोणी होतं असं वाटतही नाही. गच्चीवर आलो. दोघे उभे होते. मला वाटलं होतं त्याहून मी जाड आलो होतो. बाबांचा खांदा उतरलेला, माझी मान खाली, आणि दोघांच्या मध्ये, मनगटांपुढे, एक गोळा आला होता. चांगला भरीव. मी तो फिरवून फिरवून पाहिला, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. त्यात त्यांची बोटं कुठली आणि माझी कुठली हे मला सांगता येईना, आणि ते काम तर माझंच आहे.

रेघ ओढायच्या आधी मी फोन केला. पुष्कळ वेळ वाजला. उचलताना खडखड झाली, कुठेतरी आपटला, मग बाबांचा श्वास ऐकू आला.

"बाबा, फोटो आलाय. चांगला आलाय."

"डोळे मिटले नाहीत ना कोणाचे?"

साठ-सत्तर मीटरवरून डोळे येत नाहीत. तिथे नुसती दोन डोकी होती, एक पांढरं आणि एक पांढरं व्हायला लागलेलं.

"नाही," मी म्हटलं. "दोघांचेही उघडे आहेत."

 आज त्यांचा आवाज विहिरीतून आला नव्हता, अगदी कानाशी आला होता, आणि आता ते गप्प होते तेव्हा दुसरं काहीतरी ऐकू येत होतं. बारीक, न थांबणारा, कागदावर कागद घासल्यासारखा आवाज. त्यांनी फोन टेबलावर ठेवला नव्हता. हातात धरला होता, आणि तो कानाला घासत होता. मी ऐकत राहिलो.